फणस्यांचं मंगलाष्टक

रिटायर झाल्यावर माणसाने बागकाम करावं, पत्ते खेळावेत, अगदीच वेळ जात नसेल तर सोसायटीच्या कमिटीवर जाऊन पाण्याच्या टाकीवरून भांडावं. डोंबिवलीच्या मधुकरराव फणसे यांनी यातलं काहीही केलं नाही. ते अलंकार शिकले. उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, अतिशयोक्ती, सगळे. शाळेतली मुलं मार्कांपुरते शिकतात तसंही नव्हे, मनापासून शिकले, आणि सगळा घोटाळा त्या मनापासूनमुळेच झाला.

स्टेशनपासून जरा आत एक वाचनालय आहे, त्याच्या वरच्या हॉलमध्ये 'काव्यरसास्वाद वर्ग' चालायचा. मधुकररावांनी विमा कंपनीत उभं आयुष्य काढलेलं. 'आपला दावा मान्य करता येत नाही, क्षमस्व' यापलीकडे ललित असं एक वाक्य त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. त्यांना त्या वर्गात पहिल्यांदा कळलं की आपण जन्मभर नुसतं सरळ बोलत आलो. याचा त्यांना फार पश्चात्ताप झाला, आणि त्यांनी राहिलेली कसर भरून काढायची ठरवली.

म्हणजे चहा निवला तर 'चहा निवला' असं ते म्हणेनात. "माधवी, या चहाने संन्यास घेतला गं," असं म्हणायचे आणि लगेच, समोरच्याला कळलं नसेल तर म्हणून, "चेतनगुणोक्ती!" असा खुलासा करायचे. त्यांच्या पत्नी माधवीबाई शांत स्वभावाच्या. त्या एवढंच विचारायच्या, "गरम करून देऊ, की तो हिमालयात जाईपर्यंत थांबू?" भाजीवाल्याने तर त्यांना पाहिलं की पटापट भाजी तोलून हातात द्यायची पद्धत ठेवली होती. मागे एकदा कोबीचं रूपक पूर्ण होईपर्यंत त्याची तीन गिऱ्हाइकं निघून गेली होती.

हे सगळं घरापुरतं होतं तोवर ठीक होतं. पण त्याच वर्षी त्यांच्या मुलीचं, भाविकाचं, लग्न ठरलं.

मुलगा दर्शन, तिच्याच ऑफिसातला. ठाण्याच्या कोपरीतलं जुनं कोळी घर. वडील दामाजीराव महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आई शेवंतीबाई मोठ्या हॉस्पिटलात परिचारिका. फणस्यांकडून विरोधाचा प्रश्नच नव्हता. फणसे म्हणजे सीकेपी, आणि सीकेपी माणसाला कोळ्यांच्या घरात मुलगी द्यायची म्हटल्यावर जात-पोटजात काही आठवत नाही, फक्त ताजे बोंबील आठवतात. अडून बसली होती ती दर्शनची आजी, जाईबाई. भाविका कितीतरी महिने कोपरीला जाऊन तिच्याशेजारी बसत होती, तिच्याबरोबर भजनाला जात होती, तेव्हा कुठे म्हातारीने मान हलवली.

लग्न ठरलं त्या दिवशी भाविकाने वडिलांना समोर बसवून सांगितलं.

"बाबा, आजीचा माझ्यावर राग नव्हता. तिला भीती होती. शिकलेसवरलेले लोक तोंडावर गोड बोलतात आणि मनात आपल्याला 'मासळीवाले' म्हणून हसतात, असं तिने आयुष्यभर बघितलंय. मी तिला शब्द दिलाय की आमचे बाबा तसे नाहीत. तेवढं सांभाळा. बाकी मला काही नको."

मधुकररावांचे डोळे भरून आले. मुलीने आपल्यावर एवढा भरवसा टाकावा! नुसतं सांभाळायचं कशाला, जाईबाईंना आपण जिंकूनच घेऊ, असं त्यांनी त्याच क्षणी मनात ठरवलं. कसं जिंकायचं हेही ठरवलं. स्वतः मंगलाष्टक रचायचं आणि मांडवात स्वतः म्हणायचं. अस्सल शार्दूलविक्रीडितात. घरात कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. मांडवातच सगळ्यांना चकित करायचं.

इथेच त्यांना कुणीतरी अडवायला हवं होतं. पण गुपित असल्यामुळे अडवू शकणाऱ्या दोघींना, म्हणजे माधवीबाईंना आणि भाविकाला, काही कळलंच नाही. आणि ज्यांना कळलं त्यांनी सल्ले दिले.

पहिला सल्ला दुसऱ्या मजल्यावरच्या पंढरीनाथांचा. पंढरीनाथ आयुष्यात कधी समुद्रात घोट्याच्या वर शिरले नव्हते, पण सल्ल्यांच्या बाबतीत त्यांना खोल-उथळाचं भय नसे. "मधुभाऊ, कोळी आहेत म्हटल्यावर दर्या आलाच पाहिजे. दर्या, होडी, जाळं, नाखवा. नाहीतर ते मंगलाष्टक कुणाचंही होईल. तुम्ही वाणसामानाच्या दुकानदाराकडे मुलगी देताय का?" मधुकररावांना हे एकदम पटलं. दुसरा सल्ला तळमजल्यावरच्या स्वप्नाताईंचा. त्या सुगम संगीताचे वर्ग घ्यायच्या. त्यांनी चाल बसवून दिली आणि वर बजावलं, "नावं सगळ्यांची घ्या हं. नाव राहिलं की माणूस कायमचं तुटतं."

त्यामुळे नावं घेणं आलं, आणि प्रत्येक नावाला एकेक उपमा. ही बातमी कशी कोण जाणे, माधवीबाई आणि भाविका सोडून सगळ्या नातेवाइकांत फुटली. कळव्याचा मेहुणा दिपेश मुद्दाम फोन करून विचारू लागला, "दाजी, मला काय दिलंय?" "दीपस्तंभ," मधुकरराव म्हणाले. दिपेश खूश झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "दाजी, मोठ्या दादाला म्हणे हिमालय दिलाय. मी रात्री-अपरात्री तुमच्यासाठी धावायचं, आणि हिमालय त्याला?" शेवटी त्याची समजूत काढायला त्याला मेरू पर्वत द्यावा लागला. मग हिमालयवाला दादा रुसला. आत्याने चंदनाला नकार दिला, कारण चंदन झिजतं आणि तिला गुडघ्यांची आठवण येते. मधुकररावांना वाटलं होतं काव्य ही एकांतात करायची गोष्ट आहे. त्यांच्या घरात ती जागावाटपाची बोलणी झाली होती.

खरी अडचण मात्र वृत्ताची होती. शार्दूलविक्रीडितात अक्षरं मोजून, लघु-गुरू सांभाळून ओळ बसवावी लागते. दामाजीराव मुख्याध्यापक होते, पण 'मुख्याध्यापक' त्यांना काही केल्या ओळीत बसवता येईना. 'नाखवा' चटकन बसला. मग दामाजीराव नाखवा झाले. 'परिचारिका' तर त्यांना कुठूनच आत घेता येईना, म्हणून शेवंतीबाईंना शिडाची होडी केलं. त्या घरात होडी शेवटची कधी होती हे मधुकररावांना ठाऊक नव्हतं. विचारावं असंही त्यांना वाटलं नाही, कारण विचारलं असतं तर गुपित फुटलं असतं.

आणि खरं म्हणजे त्यांना सांगितलं गेलं होतं. एकदा रात्रीच्या जेवणाला भाविकाने सुरमईची तुकडी बाजूला सारली आणि म्हणाली, "मी सोडले मासे. दर्शनच्या घरी कुणी खात नाही. पणजोबांपासून माळ आहे त्यांच्याकडे, सगळं घर माळकरी आहे." मधुकरराव त्या वेळी टेबलाखाली बोटांवर गुरू मोजत होते. "हो हो, फार छान," ते म्हणाले. भाविका वजन उतरवत असावी एवढंच त्यांच्या डोक्यात शिरलं, आणि उरलेली तुकडी त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

नशीबही असं की त्यांच्या डोळ्यांवरचं झापड उतरायला संधी मिळाली नाही. बोलणी झाली ती गुरुवारी, त्यामुळे पुरणपोळी. साखरपुडा संकष्टीला आला, म्हणून साबुदाणा वडे. कोपरीला केळवण झालं ते मार्गशीर्षात, त्यामुळे तिथे अळूची भाजी. "मोठी देवभोळी माणसं," मधुकरराव परत येताना रिक्षात म्हणाले, "पण लग्नानंतर एकदा आपल्याला सांगून ठेवायला हवं, वार बघून बोलवा म्हणून." दामाजीरावांच्या गळ्यातली माळ बंद गळ्याच्या कुडत्याखाली होती, जाईबाईंची शालीखाली.

मग हॉल. लग्न माघात, बाळकुमच्या एका मोठ्या हॉलमध्ये होतं. तिथल्या ऑफिसात सुमित नावाचा मॅनेजर बसायचा. त्याच्यासमोर मधुकररावांनी माइकची गोष्ट काढली.

"काका, माइक फक्त गुरुजींना. बाकी कुणी वापरणार असेल तर लाइव्ह परफॉर्मन्समध्ये येतं ते. वेगळा अर्ज लागेल."

"अहो, परफॉर्मन्स कसला? मी मुलीचा बाप आहे. मंगलाष्टक म्हणणार आहे."

"ओके. म्हणजे ऑर्केस्ट्रा?"

"ऑर्केस्ट्रा नाही."

"डीजे?"

"डीजे कसा असेल? मंगलाष्टक!"

"मग स्टँडअप टाकू का? सिस्टीममध्ये काहीतरी सिलेक्ट करावं लागतं हो."

शेवटी 'इतर करमणूक' या सदरात मधुकररावांची नोंद झाली, आणि 'सदर करमणुकीमुळे कोणत्याही पक्षाच्या भावना दुखावल्यास हॉल जबाबदार राहणार नाही' या छापील वाक्याखाली त्यांना सही करावी लागली. ज्या काव्यासाठी त्यांनी इतकी झोप मोडली होती त्याला करमणूक म्हटलेलं त्यांना फार लागलं. त्या वाक्याचा उरलेला भाग त्यांनी वाचला, पण तो आपल्याला लागू नाही असं त्यांना वाटलं.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त जवळ आला. भाविका बोहल्यावर उभी राहिली, मध्ये अंतरपाट धरला गेला, गुरुजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, आणि मधुकरराव पुढे सरसावून गुरुजींच्या हातातून माइक घेते झाले. माधवीबाईंच्या हातातल्या अक्षता तिथेच थांबल्या. "अहो, काय करताय?" असं त्या कुजबुजल्या, पण माइक तोवर सुरू झाला होता.

पहिलं कडवं गणपतीचं आणि फणसे घराण्याचं होतं. ते चांगलं झालं. मेरू पर्वताने कळव्याच्या रांगेतून मान डोलावली. लोकांनी मोबाइल वर काढले. भाविकाही मुंडावळ्यांआडून जरा हसली, आणि त्या हसण्याने मधुकररावांना असा जोर चढला की ते सरळ वरपक्षाकडे तोंड करून उभे राहिले. समोर पहिल्या रांगेत जाईबाई होती. हिरवंगार लुगडं, कपाळाला बुक्का, आणि चेहरा कौतुकाने उजळलेला. म्हातारी त्यांच्याकडे बघून तोंडभर हसत होती. जिंकलंच आपण, त्यांना वाटलं. त्यांनी वरची पट्टी लावली.

"दर्याचे कुळ हे, समुद्र सगळे जाळ्यात या मावले,
मीनाक्षी दुहिता तरंग बनुनी कोळ्यांघरी नांदते…"

ही दुसरी ओळ म्हणता म्हणता त्यांचं लक्ष जाईबाईच्या गळ्याकडे गेलं. तुळशीची माळ. शेजारी शेवंतीबाई, माळ. दामाजीरावांनी अक्षतांसाठी हात उंचावला तशी कुडत्यातून माळ बाहेर आली. मागच्या रांगेत माळ, त्याच्या मागच्या रांगेत माळ. सगळा वरपक्ष माळा घालून, हातात अक्षता घेऊन त्यांच्याकडे बघत होता. आणि सुरमईची ती तुकडी, 'पणजोबांपासून', 'सगळं घर माळकरी', हे सगळं एका दमात त्यांच्या डोक्यात शिरलं.

आता कुणीही विचारेल की मग थांबायचं होतं. पण मंगलाष्टक मध्येच थांबवता येत नाही. चाल पुढे ओढत असते, लोकांच्या मुठी वर असतात, मुहूर्त डोक्यावर असतो. तिसरी ओळ खास जाईबाईंसाठी होती. ही त्यांची सगळ्यात आवडती ओळ, काव्याच्या वर्गातल्या बाईंनाही आवडली असती अशी. ते जाईबाईच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडून ती बाहेर पडत होती.

"ज्यांचे हास्य असे रुपेरि झळके पाटीत मा… मा…"

ते अडखळले. दुसरा एखादा शब्द, कुठलाही शब्द, त्यांनी जीव तोडून शोधला. साउंडवाल्याला वाटलं काकांचा आवाज बसला. त्याने बिचाऱ्याने चांगल्या मनाने बटण वर सारलं. आणि 'मासे जसे' एवढे दोनच शब्द बाळकुमच्या त्या हॉलमध्ये असे घुमले की बाहेर पार्किंगमधल्या ड्रायव्हरांनी आत डोकावून पाहिलं.

गुरुजींनी सवयीने 'शुभमंगल सावधान' म्हटलं. फणस्यांच्या बाजूने चार अक्षता पडल्या. वरपक्षाच्या बाजूने एकही पडली नाही. मागून दर्शनचा चुलतभाऊ प्रितम मोठ्याने म्हणाला, "भाई, शादी आहे का फिश फेस्टिवल?" दोन-तीन पोरं फिस्सकन हसली आणि कुणीतरी दटावल्यावर गप्प झाली.

जाईबाईने मात्र हळूच पदर ओढून तोंडावर घेतला आणि मान खाली घातली. ते हसू पदराआड गेलं ते मधुकररावांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं. नाखवा आणि होडी अजून बाकी होते. त्यांनी माइक गुरुजींच्या हातात दिला आणि मागे सरकले.

कन्यादान त्यांना करावंच लागलं. भाविकाचा हात त्यांच्या ओंजळीत होता, वरून पाण्याची धार पडत होती, आणि ती समोरच्या कलशाकडे बघत होती. एकदाही तिने वर पाहिलं नाही. रडतही नव्हती. तिचा हात गार पडला होता. त्यांना म्हणावंसं वाटलं, पोरी, मला माफ कर, पण गुरुजी मध्ये मध्ये 'मम' म्हणायला सांगत होते, त्यामुळे ते नुसतं 'मम, मम' म्हणत राहिले.

सप्तपदी सुरू झाल्यावर आपली इथे गरज नाही हे पाहून ते स्टेजमागच्या दाराने सटकले. तिथे हॉलचं सामान ठेवायची एक खोली होती. मोडक्या खुर्च्या, नारळांची पोती, मागच्या कुठल्यातरी लग्नातला थर्माकोलचा मोर. मधुकररावांनी एक खुर्ची त्यातल्या त्यात सरळ केली, दार लोटलं आणि बसले.

आयुष्यात त्यांना लाज वाटलीच नव्हती असं नाही. ऑफिसात एकदा साहेबाच्या शेजारी बसून साहेबाचीच नक्कल केली होती, तेव्हाही वाटली होती. पण ती लाज चहाबरोबर उतरली. ही उतरत नव्हती. ती कानाच्या पाळ्यांपासून सुरू होऊन पोटरीपर्यंत गेली होती. मनात पुन्हा पुन्हा तो पदर तोंडावर येत होता. आपण त्या बाईला हसलो नव्हतो, उलट तिचं हसू आपल्याला खरोखर आवडलं होतं, हेच त्यांना कुणाला सांगता येणार नव्हतं. आणि मग त्यांना सुचलं. मोती! 'पाटीत मोती जसे.' दोन्ही अक्षरं गुरू. चपखल बसत होता. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आणि लगेच त्यांना याचीही लाज वाटली, की मुलीला मान खाली घालायला लावल्यावरसुद्धा आपण इथे बसून लघु-गुरूच मोजतोय. शिवाय मोती पाटीत कशाला असतील? आणि पाटी तरी कुणाची? वर्गातल्या बाई एकदा म्हणाल्या होत्या, ज्याला उपमा द्यायची ते आधी नीट बघा, मग कशासारखं ते शोधा. त्यांनी ते वहीत लिहून त्याच्याखाली पेनने रेघही मारली होती. इतके महिने ते कोपरीला जाऊन आले, पुरणपोळी खाल्ली, साबुदाणा वडे खाल्ले, अळूची भाजी खाल्ली, पण त्या माणसांना त्यांनी एक गोष्ट विचारली नव्हती. सगळा वेळ ते मनातल्या मनात कशासारखं, कशासारखं करत होते.

बाहेर पंगतीची भांडी वाजली, मग वाजायची थांबली. मधुकरराव बसूनच राहिले. सगळे जेवून निघून जावेत, मग आपण मागच्या बाजूने रिक्षा करावी, असा त्यांचा बेत होता. मुलीच्या पाठवणीला बाप नसतो का कधी? आजारी पडतात लोक. त्यांनी नाडी पाहिली. नाडी दुर्दैवाने ठीक होती.

दार उघडलं आणि माधवीबाई आत आल्या. नऊवारी खोचलेली, कपाळावर घाम.

"इथे बसलायत?"

"माधवी, मला घरी जाऊ दे. मी बाहेर तोंड दाखवू शकत नाही."

"तुम्ही इथे लाजून बसलात," माधवीबाई म्हणाल्या, "आणि तिकडे तुमचे सगळे व्याही उपाशी बसलेत."

"उपाशी?"

"पंगत बसून केव्हाची वाट बघतेय. त्यांच्याकडे मुलीचा बाप शेजारी बसून पहिला घास घेतल्याशिवाय आजी जेवत नाही, आणि आजी जेवल्याशिवाय कुणी ताटाला हात लावत नाही. वाढपी दोनदा भात गरम करून आलेत. मी म्हटलं, येतील हो, बाथरूममध्ये असतील. अहो, किती वेळ तुम्हाला बाथरूममध्ये ठेवू मी?"

आता मात्र मधुकररावांना कुठे बघावं हेच कळेना. म्हणजे एक ओळ म्हणून त्या लोकांचा अपमान केला तो केलाच, वर त्यांना तिष्ठत ठेवलं. माधवीबाईंनी त्यांच्या खांद्यावरची कोळिष्टकं झटकली, उपरणं सरळ केलं आणि त्यांना पुढे घातलं.

पंगतीत समोरासमोर दोन लांब रांगा होत्या. पानं वाढलेली, वरण-भातावर तुपाची साय धरलेली, आणि सगळी कोपरी हात मांडीवर ठेवून बसलेली. लहान पोरंसुद्धा नुसती पापडाकडे बघत होती. मधुकरराव त्या दोन रांगांच्या मधून चालू लागले. हा रस्ता त्यांना फार लांब वाटला. रांगेच्या टोकाला जाईबाई बसली होती आणि तिच्या शेजारचं पान रिकामं होतं. पलीकडे दर्शन आणि भाविका. भाविका पानातल्या मिठाकडे बघत होती.

ते बसले. मग हात जोडून जाईबाईकडे वळले. माफी मागायची तर नीट मागावी म्हणून त्यांनी घसा साफ केला.

"आजी, माझी अवस्था म्हणजे जणू एखाद्या…"

"थांबा," जाईबाई म्हणाली. "आता परत कशासारखं, कशासारखं नको. मना कललं त्या वेलेला तुमी काय ते चांगलंच बोलाला गेलाव. पन मी पाटी जल्मात डोक्यावर घेतली नाय. गोल्यांच्या कंपनीत होती मी, वागले इस्टेटीत. औषधाच्या गोल्या भरायचू आमी. तुमी कंदी इचारलंव?"

"नाही."

"माजे पोराला नाखवा केलाव का कुठं पुढं?"

मधुकररावांनी दामाजीरावांकडे पाहिलं. दामाजीराव चष्मा पुसत होते आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "असू द्या हो. मुख्याध्यापक शार्दूलविक्रीडितात बसवणं सोपं नाही. मला कल्पना आहे."

मधुकररावांच्या घशाशी आलेले सगळे अलंकार तिथेच अडकले. त्यांनी मान खाली घातली आणि रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच एक साधं वाक्य बोलले.

"चुकलो मी. मला फार लाज वाटते."

"वाटंल," जाईबाई म्हणाली. "वाटाला पायजे. ती काय मी घेनार नाय तुमच्याकडना. भूक लागली का?"

"लागली."

"मंग जेवा. पोरं कवाची बसलीत."

सगळी पंगत त्यांच्या हाताकडे बघत होती. त्यांनी भात कालवला. तो निवून घट्ट झाला होता, बोटांना चिकटत होता. पहिला घास त्यांनी तोंडात घातला आणि तो काही केल्या खाली उतरेना. तरी दोन्ही रांगांतून एकदम ताटांचा आवाज उठला. पोरांनी पापड मोडले, प्रितमने जिलबीला हात घातला, जाईबाईने डोळे मिटून काहीतरी पुटपुटून घास घेतला. तिच्या तोंडावर आता पदर नव्हता, पण ती हसतही नव्हती.

मधुकरराव मान वर न करता जेवत राहिले. घास गिळताना त्यांना त्रास होत होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही असं त्यांना वाटलं. मग पलीकडून भाविकाचा आवाज आला. मंगलाष्टकापासून ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती, आत्ताही त्यांच्याशी बोलली नाही. तिने वाढप्याला हाक मारली होती.

"दादा, बाबांना अजून गरम वरण वाढा ना. त्यांना कोरडा भात उतरत नाही."

वाढप्याने पळी ओतली. आणि मधुकररावांना त्या दिवसातली सगळ्यात जास्त लाज तेव्हा वाटली.